प्रायोगिक संभाव्यता : चिंचोक्यापासून पीक कापणीपर्यंत

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे महसूल मंडळाचे गाव. या मंडळात मोडणाऱ्या गावांतील एखाद्या पिकाचे हंगामात किती नुकसान झाले, हे विम्याच्या कागदावर ठरते ते मंडळातील मोजक्या शेतांत घेतलेल्या पीक कापणी प्रयोगांवरून. महसूल मंडळ हा विमा घटक असेल तर प्रमुख पिकासाठी किमान १० प्रयोग घ्यावेत, असे प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेकडो शेतांचा निवाडा दहा तुकड्यांवरून करण्याच्या या पद्धतीमागे संभाव्यताशास्त्र उभे आहे. या शास्त्राचा जो भाग सूत्राऐवजी प्रत्यक्ष प्रयोगाच्या नोंदीला प्रमाण मानतो, त्याला प्रायोगिक संभाव्यता असे म्हणतात.

तिची व्याख्या सोपी आहे. एखादा प्रयोग अनेक वेळा करावा, आपल्याला हवी ती घटना त्यांपैकी किती वेळा घडली ते मोजावे आणि त्या संख्येला एकूण प्रयोगांच्या संख्येने भागावे. येणारा अपूर्णांक म्हणजे त्या घटनेची सापेक्ष वारंवारता. प्रयोग वाढवत नेले की ही वारंवारता हळूहळू एका आकड्याभोवती स्थिरावते आणि तो आकडा त्या घटनेची संभाव्यता मानला जातो.

शाळेत संभाव्यता शिकवली जाते ती बहुधा दुसऱ्या वाटेने. दहावीच्या पाठ्यपुस्तकातील विद्यार्थी नमुना अवकाश लिहितो, त्यातील अनुकूल निष्पत्ती मोजतो आणि भागाकार करतो. नाणे असेल तर १/२, फासा असेल तर १/६. ही उत्तरे मिळवण्यासाठी नाणे खिशातून बाहेर काढावे लागत नाही. मात्र त्यामागे एक गृहीत असते, ते म्हणजे सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत. फाशाच्या सहाही बाजू सारख्या, म्हणून प्रत्येकीची संधी सारखी. हे गृहीत जेथे लागू पडत नाही, तेथे कागदावरचे गणित थांबते. व्यवहारातील बहुतेक प्रश्न असेच असतात. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही अशा दोनच निष्पत्ती आहेत, म्हणून पावसाची संभाव्यता १/२ आहे असे कोणी म्हणत नाही.

चिंचोक्याचे गणित

असमान निष्पत्तींचे सर्वांत जवळचे उदाहरण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पटावरच्या खेळांत कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या दोन फाका केल्या जातात. एक बाजू पांढरी, सपाट, तर दुसरी तपकिरी, फुगीर. अशा चार फाका टाकून पांढऱ्या बाजू किती वर आल्या यावर दान ठरते आणि चारही पालथ्या पडल्या तर अनेक ठिकाणी आठाचे दान मानतात. आता एक फाक टाकली असता पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता किती? याला सूत्र नाही. चिंचोक्याचा फुगवटा, त्याची जाडी, घासून सपाट केलेला भाग, खाली सतरंजी आहे की फरशी, या साऱ्यांवर ते अवलंबून आहे. एकच मार्ग उरतो, फाक शंभर वेळा टाकावी आणि वहीत रेघा ओढाव्यात.

अशा मोजणीला व्यावहारिक महत्त्वही आहे. समजा, पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता नेमकी निम्मी असेल, तर चारही पालथ्या पडण्याची संभाव्यता निम्म्याचा चार वेळा गुणाकार, म्हणजे १/१६ येते. पण एखाद्या घरातील चिंचोके शंभरात साठ वेळा पांढरे पडणारे असतील, तर पालथे पडण्याची संधी ०.४ आणि चारही पालथे पडण्याची ०.०२५६, म्हणजे साधारण ३९ दानांत एकदा. एका फाकेच्या वागण्यात दहा टक्क्यांचा फरक आणि आठाचे दान मात्र अडीचपट दुर्मीळ! खेळात मुरलेल्या आजीबाई स्वतःच्याच चिंचोक्यांचा आग्रह धरतात, तो अगदीच निराधार नसावा.

भारतीय परंपरेत फाशांचा आणि मोजणीचा संबंध जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची व्यथा आली आहे आणि तेथील अक्ष म्हणजे बेहड्याची फळे होत. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे किती हे सांगतो, नल ती मोजून पाहतो आणि आकडा बरोबर निघतो. अक्षविद्या व संख्याविद्या ऋतुपर्णाला एकत्रच अवगत आहेत, ही त्या कथेतील बाब संख्याशास्त्राच्या इतिहासकारांना नेहमी लक्षवेधी वाटत आली आहे.

नाणेफेकीच्या वह्या

प्रयोग वाढवले की सापेक्ष वारंवारता स्थिरावते, हे याकोब बर्नुली याने गणिताने सिद्ध केले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे अनेकांनी हे हाताने करून पाहिले. फ्रान्सच्या ब्यूफाँ याच्या ४,०४० नाणेफेकींत २,०४८ वेळा छाप पडली. इंग्लंडमधील कार्ल पिअर्सन याच्या २४,००० फेकींत छापांची संख्या १२,०१२ होती.

यांपैकी सर्वांत बोधप्रद नोंद जॉन केरिच याची. दुसऱ्या महायुद्धात तो डेन्मार्कमध्ये असताना जर्मनांनी तो देश ताब्यात घेतला आणि केरिचला स्थानबद्ध करण्यात आले. हाताशी वेळ भरपूर होता. त्याने एक नाणे १०,००० वेळा उडवून प्रत्येक फेक टिपून ठेवली. पहिल्या १० फेकींत ४ छाप, १०० फेकींअखेर ४४, १,००० अखेर ५०२, ५,००० अखेर २,५३३ आणि १०,००० अखेर ५,०६७.

या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहावे लागते. शंभर फेकींअखेर छापांचे प्रमाण ४४ टक्के होते, दहा हजारांअखेर ते ५०.६७ टक्के झाले. म्हणजे प्रमाण निम्म्याच्या जवळ आले. पण निम्म्यापासूनचे प्रत्यक्ष अंतर पाहिले तर शंभर फेकींअखेर ते ६ छापांचे होते आणि दहा हजारांअखेर ६७ छापांचे झाले. अंतर भरून निघाले नाही, उलट वाढले. ते फक्त मोठ्या एकूण संख्येत विरघळून गेले. नाणे मागची उधारी फेडत नाही. पुष्कळ काटे पडले म्हणून आता छाप ‘यायलाच हवी’, ही समजूत या एका वहीने मोडीत निघते. मराठवाड्यात ही समजूत फार महाग पडली आहे. दोन पावसाळे कोरडे गेले की तिसरा भरून पडणारच, अशा हिशेबाने कर्ज काढून पेरणी करणारे कमी नाहीत. २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे या भागात तुटीची गेली, त्याआधी २०१२चा दुष्काळ होऊन गेलेला होता. गेल्या वर्षीच्या पावसाने या वर्षीच्या पावसाला काही देणे लागत नाही.

प्रयोगाने सूत्राला खोटे ठरवल्याचीही उदाहरणे आहेत. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने १८९४ साली १२ फासे २६,३०६ वेळा टाकल्याची नोंद केली. एकूण ३,१५,६७२ फाशांत ५ किंवा ६ हे अंक १,०६,६०२ वेळा आले. सहा बाजू समान असतील तर ते १,०५,२२४ वेळा यायला हवे होते. १,३७८ची ही वाढ एवढ्या मोठ्या संख्येत योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य. ठिपके कोरण्यासाठी खाचा पाडलेल्या फाशात पाच व सहा ठिपक्यांच्या बाजू किंचित हलक्या होतात आणि वर येतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. नाण्याचेही तसेच. ४८ जणांनी मिळून केलेल्या आणि २०२३ साली जाहीर झालेल्या ३,५०,७५७ नाणेफेकींत, उडवण्यापूर्वी जी बाजू वर होती तीच पुन्हा वर येण्याचे प्रमाण ५०.८ टक्के निघाले. क्रिकेटच्या नाणेफेकीसाठी हा फरक क्षुल्लक आहे, पण दोन-चारशे फेकींत तो कधीच उघडकीस आला नसता.

किती प्रयोग पुरेत?

हा प्रश्न प्रायोगिक संभाव्यतेचा गाभा आहे. उत्तरातील अनिश्चितता प्रयोगांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. चूक निम्म्यावर आणायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, ते चौपट करावे लागतात. चिंचोक्याची फाक १०० वेळा टाकून ६० वेळा पांढरी आली, तर खरी संभाव्यता ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, एवढेच विश्वासाने म्हणता येते. हा पट्टा ५५ ते ६५ इतका आवळायचा असेल तर ४०० फेकी हव्यात.

पावसाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. एखाद्या गावी १५ जुलै हा पावसाचा दिवस असण्याची संभाव्यता काढायची असेल तर जुन्या नोंदींत किती वर्षी त्या तारखेला पाऊस होता ते मोजावे. समजा, ३० पैकी १२ वर्षी होता, तर उत्तर ४० टक्के. परंतु ३० प्रयोगांवरील या उत्तरात १७-१८ टक्क्यांची तफावत दोन्ही बाजूंना संभवते. शिवाय १५ जुलै वर्षातून एकदाच येतो. प्रयोग वाढवायचे तर आणखी तीस वर्षे थांबावे लागेल, आणि तोवर हवामान तेच राहील याची हमी नाही. प्रयोग सारख्याच परिस्थितीत पुन्हा पुन्हा व्हावा, ही या पद्धतीची मूळ अट निसर्ग क्वचितच पाळतो. म्हणूनच अभ्यासक एका तारखेऐवजी आठवडा धरतात किंवा आसपासच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र पाहतात.

खोटा प्रयोग, खरे उत्तर

जेथे प्रत्यक्ष प्रयोग महाग, संथ किंवा अशक्य असतो, तेथे त्याची नक्कल उपयोगी पडते. यालाच सिम्युलेशन म्हणतात. चिंचोक्याचेच उदाहरण घेतले तर ० ते ९ या अंकांपैकी ० ते ५ म्हणजे पांढरी बाजू आणि ६ ते ९ म्हणजे तपकिरी बाजू, असे ठरवावे. मग यदृच्छेने आलेल्या अंकांचे चार-चारांचे गट पाडावेत. प्रत्येक गट हे एक दान. चिंचोका हातात न घेता शेकडो दाने टाकून होतात. अंक कोठून आणायचे? चिठ्ठ्या उचलाव्यात किंवा जुन्या नोटांच्या क्रमांकातील शेवटचा अंक घ्यावा. वाहनांचे क्रमांक मात्र टाळावेत, कारण ते हौसेने निवडून घेतलेले असतात.

संशोधकांनाही हीच अडचण होती. टिपेट याने १९२७ साली ४१,६०० यदृच्छ अंकांचे कोष्टक छापले. अमेरिकेच्या रँड संस्थेने १९५५ साली दहा लाख अंकांचा ग्रंथच काढला. दरम्यान १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत बसला होता. डाव सुटण्याची संभाव्यता काढण्यासाठी सूत्र जमेना, तेव्हा शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजणेच सोपे, हे त्याच्या ध्यानात आले. ही कल्पना त्याने जॉन फॉन नॉयमन याला सांगितली. अणुकणांच्या प्रवासाचे गणित नव्या संगणकावर याच रीतीने होऊ लागले आणि जुगाराच्या गावावरून तिला ‘माँटे कार्लो’ हे नाव पडले. आज घरच्या संगणकावरील कोष्टक-प्रणालीतही लाखभर नाणी क्षणात उडवता येतात. तेथील अंक खरे तर सूत्रातून निघतात, पण साध्या कामांना ते पुरतात.

दहा तुकडे

पीक कापणी प्रयोगाची पायाभरणी करण्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना, यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील ठराविक मापाचे तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज घेण्याची पद्धत रुजवली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस फार लहान तुकडे घेत. तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न वास्तवापेक्षा फुगते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. या वादाचा धडा वेल्डनच्या फाशांसारखाच आहे. यदृच्छेने होणारी चूक प्रयोग वाढवले की घटते. मोजण्याच्या रीतीतच कल असेल तर हजार प्रयोगांनीही तो जात नाही.

या प्रयोगांवर विमा उभारण्याची मांडणी केली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी, १९७६च्या सुमारास. प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीची स्वतंत्र मोजणी करणे अशक्य आहे, तेव्हा क्षेत्र हा घटक धरावा आणि क्षेत्राची सरासरी घसरली तर तेथील सर्वांना भरपाई द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९च्या प्रायोगिक योजनेपासून आजच्या योजनेपर्यंत हाच पाया आहे. उमापूरसारखे महसूल मंडळ हा आजचा घटक.

मंडळातील गाव, त्यातील गट क्रमांक आणि शेतातील तुकड्याची जागा ही तिन्ही यदृच्छ अंकांनी ठरवायची असतात. महसूल, कृषी व ग्रामविकास विभागांचे कर्मचारी हे काम वाटून घेतात. शेताच्या एका कोपऱ्यापासून किती पावले लांबीने आणि किती रुंदीने जायचे, हेही अंकच सांगतात. दाट पीक पाहून किंवा रस्त्यालगतचे सोयीचे शेत पाहून तुकडा आखला, तर प्रयोग होतो, परंतु संभाव्यतेचे एकही सूत्र मग त्याला लागू पडत नाही. कापसासारख्या पिकात वेचण्या अनेक असतात, त्यामुळे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जावे लागते. एखादी वेचणी नोंदीतून सुटली की उत्पन्न कमी दिसते.

आता एक कल्पित मंडळ घेऊ. भरपाईची मर्यादा, म्हणजे उंबरठा उत्पन्न, हेक्टरी १० क्विंटल आहे. मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणून ते काढलेले असते. या हंगामात मंडळाची खरी सरासरी ९ क्विंटल आहे, पण ती कोणालाच ठाऊक नाही. शेतागणिक उत्पन्न सरासरीच्या ४० टक्क्यांच्या आसपास वरखाली होते, असे धरू. यदृच्छेने १० शेते निवडून त्यांची सरासरी काढावी, ती लिहून ठेवावी आणि हाच खेळ संगणकाकडून हजारो वेळा खेळवावा. साधारण पाचांतून एका खेळात दहा शेतांची सरासरी १० क्विंटलच्या वर जाते. अर्थात खरोखर नुकसान झालेले असूनही पाचांत एकदा मंडळाला छदामही मिळत नाही, आणि त्यात कोणाची लबाडी नसते. उलटही घडते. खरी सरासरी ११ क्विंटल असूनही जवळपास चारांत एका खेळात ती १०च्या खाली दिसते आणि नुकसान नसताना भरपाई लागू होते. प्रयोग १० ऐवजी ४० केले, तर खऱ्या नुकसानीवर पाणी फिरण्याची संभाव्यता २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येते.

हे आकडे गृहीतांवर अवलंबून आहेत. शेतांमधील तफावत कमी असेल तर चूक घटेल, आणि एकाच शिवारात नदीकाठची काळी जमीन व माळरान दोन्ही असतील तर ती वाढेल. तरीही वर्गमुळाच्या नियमातून सुटका नाही. महाराष्ट्रात खरीप २०२३पासून लागू असलेली एक रुपयात पीक विम्याची पद्धत २०२५मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या खरिपात स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान अशी भरपाईची वेगळी कारणे वगळून राज्याने ती सर्वस्वी उत्पन्नावर आधारित ठेवली. साहजिकच प्रत्येक तुकड्याचे वजन वाढले. प्रयोग चौपट करायचे तर कर्मचारीही त्या प्रमाणात हवेत आणि सोयाबीनच्या काढणीचे दिवस तर मोजकेच असतात. २०२३पासून काही पिकांसाठी उपग्रहाधारित अंदाजालाही प्रत्यक्ष कापणीच्या जोडीने भार दिला जाऊ लागला, त्यामागे ही टंचाई आहे. असा अंदाज सर्व शेते पाहतो, पण पानांच्या हिरवेपणावरून दाण्याचे वजन ताडतो. त्याची खातरजमा करायला पुन्हा यदृच्छेने निवडलेल्या शेतात जाऊन तुकडा आखून, कापून, वजन करून पाहावे लागते.